सगळ्यांमधला एकच खड्डा

रौहाला गावातली माणसं दरवर्षी थोडी थोडी बरी होत चालली होती, आणि एकटी मार्लिस केतोला सोडली तर सगळं गाव त्यावर खूश होतं.

खूश न व्हायला काय झालं? अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठचं हे गाव. तांब्याच्या खाणी बंद पडून जमाना झाला. बर्फ एकदा पडायला लागला की मे महिन्यापर्यंत उठायचं नाव घेत नाही, आणि घराघरात शुगर. कुणाचा अंगठा गेला, कुणाची नजर गेली, कुणी दिवसाआड डायलिसिसला जातंय. अशा गावाला विद्यापीठातल्या डॉक्टरीणबाई येऊन सांगतात, तुमची लघवी सुधारतेय, तर माणसं हुरळून जाणारच.

हा सगळा उद्योग डॉक्टर नॅडीन प्रूइट यांचा. रक्तात साखर वाढलेली दिसते तोवर शरीराचं बरंच बिघडून गेलेलं असतं. त्याच्या कितीतरी आधी बारीक बारीक खुणा लघवीत उतरत असल्या पाहिजेत, आणि त्या वेळेत वाचता आल्या तर माणसाला आजाराच्या दारातूनच मागे फिरवता येईल, असं त्यांचं म्हणणं. म्हणणंच फक्त, छातीठोकपणे सांगावं इतकं अजून कुणाच्याच हाती लागलेलं नव्हतं. म्हणून दर मार्चमध्ये आमचं गाव चर्चच्या हॉलमध्ये जमायचं. ज्याने त्याने सकाळची पहिली लघवी झाकणाच्या कपात भरून आणायची, आणि ती कशातून आणायची तर बर्फावरच्या मासेमारीच्या थंड पेटीतून. आमच्याकडे पेटी प्रत्येकाच्या गाडीत असतेच. एका वर्षी अर्वो सिल्वोला या म्हाताऱ्याने कपाशेजारीच एक भलामोठा व्हाइटफिश ठेवून आणला होता आणि मार्लिसने त्याला सगळ्यांदेखत झाडला होता.

यंदाही अर्वो रांगेत पहिल्या पाचात होता.

"माझा कप जपून ने गं, मार्लिस," तो म्हणाला. "गावातली सगळ्यात हुशार लघवी आहे ती."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुझ्या डॉक्टरीणबाईंनीच! म्हणाल्या, अर्वो, तुमचा धोका निम्म्यावर आलाय. असंच चालू ठेवा."

"आणि काय चालू ठेवलंय तुम्ही?"

अर्वोने डोकं खाजवलं. "खरं सांगू का? काहीच नाही. गुडघ्यामुळे चालणं सुटलं. इनेझ रोज निसू करते, आपला गोड पाव, वर साखर पेरून. तो कॉफीत बुडवून खातो. तू नाक मुरडू नकोस. ज्याला मानवतं त्याला मानवतं."

मागे उभी असलेली त्याची बायको इनेझ खुदकन हसली. "माझ्या पावात वेलदोडा असतो ना, त्याचा गुण असेल. लिहा की तुमच्या पेपरात तसं!"

सगळे हसले. मार्लिसही हसली, पण हसता हसता तिने रांगेवरून नजर फिरवली. अर्वोच नव्हे, रांगेतला जो तो हेच सांगत होता. कुणी काही सोडलं नव्हतं, कुणी काही धरलं नव्हतं, आणि सगळे सुधारत होते.

मार्लिस डॉक्टरीणबाईंच्या प्रयोगशाळेची सर्वेसर्वा. नमुने तिच्या हातून जायचे, मशीन तिच्या बोटांना सवयीचं झालेलं. कामात इतकी चोख की बोट ठेवायला जागा नाही. पण तिचा खरा मान वेगळाच होता आणि तो गावात कुणाला ठाऊक नव्हता. मशीन प्रत्येकाच्या लघवीची एक डोंगररांग काढतं, एकेका द्रव्याची एकेक टेकडी. पण नुसत्या टेकड्या पाहून काय कळणार? उंच की ठेंगणी हे ठरवायला शेजारी एक निरोगी माणूस उभा लागतो. असले नमुने बाहेर विकत मिळतात. पण नॅडीन म्हणाली, ते शहरातल्या लोकांचे, त्यांचं खाणं वेगळं, पाणी वेगळं; आपल्याला इथलंच कुणीतरी हवं. प्रयोगशाळेत सगळ्यांत काटक कोण? मार्लिस. हिवाळाभर स्की करणारी, गोडाला न शिवणारी. तेव्हापासून दर वसंतात मार्लिस दिवसभराची लघवी साठवायची, बारीक बारीक नळ्यांत वाटायची, मोठ्या फ्रीझरमध्ये ठेवायची, आणि वर्षभर गावातल्या प्रत्येकाची टेकडी तिच्या टेकडीने भागली जायची. दोन्ही सारख्या निघाल्या तर रेघ सपाट. जास्त निघाली तर धोका. कमी निघाली तर शाबासकी.

असला मान कुणी मिरवत नाही. पण मार्लिसला आतून त्याचा अभिमान होता, आणि त्याला कारण होतं. तिच्या आईला, हिल्माला, शुगरने खाल्लं होतं. अगदी तुकड्या-तुकड्यांनी. आधी पायाची बोटं, मग पाऊल, मग नजर. शेवटी शेवटी हिल्मा खिडकीकडे तोंड करून बसायची आणि विचारायची, "उजाडलं का गं?" भर दुपारी. त्या खोलीतून बाहेर पडताना मार्लिसने मनाशी ठरवलं होतं, मरण यायचं तेव्हा येऊ दे, पण मी या वाटेने जाणार नाही. तिचं स्की करणं, तिचं ताटातलं मोजूनमापून खाणं, जे आधी नुसतं सवयीचं होतं, ते आता सगळं त्यासाठी. आणि वर्षाकाठी एकदा जेव्हा ती त्या नळ्यांवर 'निरोगी' अशी चिठ्ठी चिकटवायची, तेव्हा तिला आईच्या तावडीतून सुटल्यासारखं वाटायचं.

यंदाचे नमुने संपता संपता सरोवरावरून वादळ आलं. बाहेर नुसतं पांढरं. खिडकीला कुणीतरी चादर लावल्यासारखं. सगळे घरी गेले, मार्लिस मशीनपाशी राहिली. दुपारचीच वेळ होती, पण त्या पांढऱ्या उजेडात वेळ कळत नव्हती. फ्रीझरची घरघर तेवढी चालू होती.

तिला सहज वाटलं म्हणून तिने अर्वोची भागून आलेली डोंगररांग पडद्यावर घेतली आणि तिच्यावर इनेझची ठेवली. मग पाद्रीबाबांची. मग शाळेच्या बसचालकाची. एकावर एक.

माणसं वेगळी, तर टेकड्या वेगळ्या. तशा त्या होत्याही. पण रांगेच्या मधोमध, धोक्याच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्यांच्या जागी, प्रत्येकात एक खड्डा होता. प्रत्येकात एकाच जागी, एकाच आकाराचा. डावीकडे उतरता, मध्ये एक छोटा उंचवटा, उजवीकडे खोल. गादीवरून कुणी उठून गेलं की मागे राहतो ना, तसा.

तिने आणखी वीसेक माणसं घेतली. खड्डा होता. गेल्या वर्षीची काढली. होता, जरा उथळ. त्याच्या आधीची. आणखी उथळ. खड्डा वर्षावर्षाने खोल होत आला होता. गाव सुधारत होतं म्हणतात ते हेच.

मार्लिसने खुर्ची मागे सरकवली. पण ती घाबरून पळणाऱ्यातली नव्हती. तिने मशीन खोललं, धुतलं, नळी बदलली, नुसतं पाणी सोडून पाहिलं. पाण्याची रेघ स्वच्छ आली. पुन्हा अर्वोचा नमुना लावला. खड्डा जागच्या जागी.

पाण्यात काही असेल म्हणावं, तर गॅस पंपावर नवीन लागलेली ती टेक्ससची मुलगी नाताळनंतर गावात आली होती. तिच्यातही खड्डा. खाण्यातलं म्हणावं, तर पाद्रीबाबा मांसाला शिवत नव्हते. त्यांच्यातही. दोन महिन्यांपूर्वी लग्न झालेली पोर, ऐंशीच्या पुढचा अर्वो, सगळ्यांच्या आतून जणू एकच कुणीतरी उठून गेलं होतं.

"कोण?" मार्लिस स्वतःशीच म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकली.

मग तिने एक शास्त्रातली साधी गोष्ट केली. खड्डा उलटा केला. खड्ड्यात जे नेमकं बसेल, ते टेकाड तिने पडद्यावर काढलं आणि मशीनला सांगितलं, आजवर गावातून आलेल्या सगळ्या नमुन्यांत असं टेकाड कुणाचं आहे ते शोध. आमच्या मशीनला ही सवय आहे. कधी कपांची अदलाबदल होते, मग कुणाचं कोणतं ते आकारावरून जुळवावं लागतं.

उत्तर यायला वेळ लागला नाही. पहिल्या वर्षाचा नमुना. क्रमांक एक.

क्रमांकामागचं नाव मशीनला माहीत नसतं. पण हा क्रमांक कुणाचा हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पहिल्या वर्षी हॉलचं दार उघडायच्या आधीपासून बर्फात उभी राहून, पाद्रीबाबांनाही मागे सारून, हिल्मा केतोलाने तो मिळवला होता आणि पुढे वर्षभर मिरवला होता.

मार्लिस खुर्चीत बसून राहिली. पडद्यावर तिच्या आईचं टेकाड होतं आणि त्याच्या खाली गावाचा खड्डा. एकात एक बसत होते. तिची मेलेली आई गावातल्या प्रत्येक माणसाच्या आतून उठून कुठेतरी निघाली होती. कुठे, ते कळत नव्हतं.

पुढचे काही दिवस तिचे वाईट गेले. दुकानात दूध घ्यायला गेली की तिला समोरच्या माणसात ती रिकामी जागा दिसायची. बँकेतल्या बाईने हसून "कशी आहेस?" विचारलं तर मार्लिस तिच्या पोटाकडे बघत राहिली. पाद्रीबाबा म्हणाले, "मार्लिस, झोप होते ना तुझी?" ती हो म्हणाली. घरी डेलने, तिच्या नवऱ्याने, जेवताना हटकलं.

"काय झालंय तुला? ताट पुढ्यात घेऊन भिंतीशी बोलतेस का?"

"आईची आठवण येते."

"येऊ दे की. आठवण आली म्हणून कोण खिम्याची पेस्टी थंड करतं?" डेल म्हणाला, आणि मग तिचा चेहरा बघून त्याने तिचं ताट उचलून पुन्हा गरम करायला ठेवलं.

शनिवारी दुपारी तिने साउना तापवला. आमच्याकडे शनिवारचा साउना, म्हणजे वाफेचं स्नान, चुकवत नाहीत, घरात कुणी मेलेलं असलं तरी. दगड तापले, तिने पाणी टाकलं, वाफ उसळली. ती वरच्या फळीवर जाऊन बसली. ही जागा हिल्माची. हिल्मा होती तोवर तिथे दुसरं कुणी बसत नसे.

वाफेत डोळे मिटून बसली आणि तिला वाटलं, शेजारी कुणीतरी आहे. श्वास ऐकू येत होता, जड, जरा घरघरणारा. मार्लिसने डोळे उघडले नाहीत. तिने आपला श्वास रोखून धरला. शेजारचाही थांबला. तिने सोडला, तो सुरू झाला.

ती ताडकन उठली आणि दाराशी गेली. दार उघडून मागे वळून पाहिलं. फळीवर एक ओला डाग होता. मांड्यांचा, बसकणीचा, टेकलेल्या हाताचा. एकाच माणसाचा. जिथे ती स्वतः बसली होती तिथेच.

बाहेरची गार हवा पाठीवर येत होती आणि मार्लिस त्या डागाकडे बघत उभी होती. खूण उठून गेलेल्या माणसाची असते, हे खरं. पण ते माणूस मेलेलंच असलं पाहिजे असं कुठे आहे? प्रत्येकाच्या टेकडीला आपण कुणाच्या तरी टेकडीने भागतो. भागणारी टेकडी जर मोठी झाली, तर भागल्या जाणाऱ्या सगळ्यांत खड्डाच पडणार. नेमका तिच्या आकाराचा.

"देवा," मार्लिस म्हणाली. ती उंबऱ्यावरच बसली.

सोमवारी तिने मोठ्या फ्रीझरच्या तळातून पहिल्या वर्षीचा डबा काढला. अडीअडचणीला असावा म्हणून त्यातल्या काही नळ्या राखलेल्या होत्या. डब्यावर दव गोठून पांढरं झालं होतं. नळीवरची चिठ्ठी तिच्याच हाताची, 'निरोगी'. नळीतला बर्फ वितळेपर्यंत ती तिला हातात धरून राहिली. आत तिची तेव्हाची प्रकृती होती. स्कीवर पोरींना मागे टाकणारी बाई होती ती.

दर वर्षी नवीन नळ्या आल्या की त्या जुन्यांशी ताडून बघायचा नियम होता आणि मार्लिसने तो एकदाही मोडला नव्हता. पण ताडायचं कशाशी? तर गेल्या वर्षीच्या नळ्यांशी. फरक दरवेळी इवलासा निघायचा, चालेल इतका. ती 'चालेल' म्हणून पुढे जायची. एवढी वर्षं चालेल चालेल म्हणत ती किती लांब आली होती, ते बघायला पहिल्या नळीपर्यंत कधी कुणी मागे गेलंच नव्हतं. नॅडीनही नाही. निरोगी माणसाला कोण तपासतं?

तिने दोन्ही नमुने लावले, तेव्हाची मार्लिस आणि यंदाची. आणि मशीनला विचारलं, ही एकच व्यक्ती आहे का?

मशीन म्हणालं, नाही.

मग तिने यंदाची मार्लिस आणि क्रमांक एक लावले. ही एकच व्यक्ती आहे का?

मशीन जरा वेळ घुटमळलं. मग पडद्यावर अक्षरं आली: बहुधा होय.

मार्लिसने दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरलं. खिडकीच्या काचेत तिचा चेहरा दिसत होता, आणि तिने तो बघायचं टाळलं.

त्याच दिवशी ती दवाखान्यात जाऊन रक्त तपासून आली. तिथली नर्स ओळखीची, हसतमुख. "अगदी नॉर्मल! तीन महिन्यांची सरासरीसुद्धा उत्तम. तुझ्यासारख्यांनी इथे येऊच नये बाई, आमची नोकरी जाईल." मार्लिसने कागद घडी करून खिशात घातला. तिने हे सगळं आधीही ऐकलेलं होतं. पहिल्या वर्षी हिल्माचं रक्तही असंच स्वच्छ आलं होतं. तिने त्या आनंदात शेजारपाजाऱ्यांना कॉफी पाजली होती. लघवीतलं ते टेकाड तेव्हाही होतं, पण ते काय सांगतंय हे त्या वेळी कुणालाच वाचता येत नव्हतं. हिल्मा आणि तिच्यासारख्या माणसांचं पुढे काय झालं ते पाहूनच तर धोक्याच्या टेकड्या ओळखू आल्या होत्या.

तिने नॅडीनला सगळं दाखवलं. नॅडीन उभ्या उभ्या बघत होती, ती खाली बसली. बराच वेळ तिने एकामागून एक आलेख उलगडले, पुन्हा पुन्हा.

"तिचा हात हातात घेऊन मीच सांगितलं होतं," ती अखेर म्हणाली. "हिल्मा, तू ठणठणीत आहेस. मी सांगितलं होतं."

"तुला तेव्हा कुठे माहीत होतं?"

"तेच तर." नॅडीनने चष्मा काढून डोळे पुसले. मग तिचा आवाज कामाचा झाला. "हे बघ. पहिल्या वर्षीच्या नळ्या आहेत अजून. त्यांनी भागून सगळ्यांचं पुन्हा काढू. गावाला दुरुस्त केलेले निकाल पाठवू, मशीनमध्ये थोडी गडबड होती म्हणू. खोटं नाही ते. तुझं नाव यायचं कारण नाही. तुझी प्रकृती हा तुझा खासगी मामला आहे, मार्लिस. कायदाही तेच सांगतो."

"आणि लोक काय म्हणतील? मशीन बिघडलं असेल, चला, निसू खाऊ या."

"मग तुला काय करायचंय?"

"सांगायचंय."

"हॉलमध्ये? सगळ्यांसमोर? तू? अगं, तू वाढदिवसाला मेणबत्त्या विझवतानासुद्धा लाजतेस."

मार्लिस म्हणाली, "आईला कुणी सांगितलं नव्हतं." मग टेबलावरचे आलेख गोळा करत, "मला भीती वाटते, नॅडीन. खूप भीती वाटते." नॅडीन उठून तिच्याजवळ आली. आमच्याकडे माणसं एकमेकांना पटकन मिठी मारत नाहीत, पण त्या दिवशी तिने मारली.

निकालाच्या रविवारी हॉल भरला होता. दरवर्षी भरतो. प्रार्थना संपली की कॉफी, कॉफीबरोबर इनेझचा पाव, आणि मग नॅडीन उभी राहून गावाचं कौतुक करते. यंदा नॅडीन कॉफीच्या भांड्यापाशीच उभी राहिली आणि मार्लिस पुढे गेली. लोक कुजबुजले. कुणीतरी म्हणालं, "पगार वाढला वाटतं हिचा." हशा पिकला.

"मला बोलता येत नाही," मार्लिस म्हणाली, "म्हणून एकदाच सांगते. तुमच्यात सुधारणा झालेली नाही. कुणातच नाही."

हशा थांबला.

"तुम्हाला प्रत्येकाला एका निरोगी माणसाच्या शेजारी उभं करून मोजत होतो. ते निरोगी माणूस म्हणजे मी. दरवर्षी मीच." तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं. "मी आतून बिघडत गेले. मी बिघडले तसे तुम्ही सुधारलेले दिसायला लागलात. आम्ही तुम्हाला शाबासकी देत राहिलो. तुमचे खरे आकडे येत्या आठवड्यात घरी येतील. काहींचे फार वाईट आहेत. ज्यांनी आमच्या भरवशावर पथ्य धरलं नाही, चालणं सोडलं, त्यांची मी माफी मागते."

छतावरून बर्फ घसरला. मग पहिल्या रांगेतल्या बाईने हातातला पाव हळूच बशीत ठेवला. तिच्या शेजारच्याने ठेवला. बशांचे बारीक आवाज मागच्या भिंतीपर्यंत होत गेले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. इनेझ रिकामा ट्रे छातीशी धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"माझी लघवी हुशार नाही म्हणजे," अर्वो म्हणाला. कुणी हसलं नाही. त्याने स्वतःही हसायचा प्रयत्न केला नाही.

"नाही, अर्वो. तुमची सगळ्यात काळजी करण्यासारखी आहे."

"पण तू तर दिसतेस धडधाकट. परवा टेकडीवर स्की करताना बघितली मी तुला."

"हो. रक्तसुद्धा चांगलं आलंय."

"मग?" म्हातारा काठी टेकत उभा राहिला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच कळून घ्यायचं होतं. "आम्हाला तुझ्यावरून मोजलं, ते कळलं. पण तुला कुणावरून मोजलं, पोरी?"

मार्लिसने मान वर केली.

"आईवरून," ती म्हणाली.

हिल्माला तिथे सगळेच ओळखत होते. एकेकाने डोळे उचलून मार्लिसच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिथेच बघत राहिले. त्यांना कोण दिसतंय, हे तिला विचारावं लागलं नाही.